दांडीवरून नाही, खालून

मिलर्स फोर्ड, ओहायो
९ ऑगस्ट १९९४

प्रिय लोइस,

लिफाफा जाड आहे म्हणून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. गेली आहे ती माझी अब्रू, आणि ती गेल्याचं अजून गावाला कळलेलं नाही.

मी मुलींच्या सॉकरचा कोच झालो आहे.

आता पाणी पी आणि पुढे वाच. ज्या माणसाने अठ्ठावीस वर्षं या गावच्या पोरांना आपला अमेरिकन फुटबॉल, म्हणजे चेंडू काखेत मारून पळायला आणि समोरच्याला आडवं पाडायला शिकवलं, तो तुझा भाऊ आता रोज संध्याकाळी सोळा पोरींना सांगतो, की चेंडूला हात लावू नका. आणि मधेच विसरून "उचल, उचल" म्हणून ओरडतो.

झालं असं. शाळेतला जो तरुण मास्तर हे काम बघायचा, तो लग्न करून टोलीडोला गेला. मुख्याध्यापिका ओडेलबाई घरी आल्या, माझ्या हातची कॉफी तक्रार न करता प्यायल्या (यावरून त्यांची अडचण किती मोठी होती ते ओळख) आणि म्हणाल्या, "कोच, पंधरा तारखेपर्यंत कोणी मिळालं नाही तर संघ बंद करावा लागेल."

मी म्हटलं, "बाई, मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याकडे शिट्टी आहे."

शाळेची अडचण म्हणून हो म्हटलं, दुसरं काही कारण नाही. मार्नी त्या संघात आहे हा निव्वळ योगायोग. माझी युनिस वारल्यावर पॅटने लेकीला "वर्षभर आजोबांजवळ राहा" म्हणून कोलंबसहून पाठवली, त्याला दोन वर्षं होतील. परत मागायचं पॅटला सुचलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

या उन्हाळ्यात साऱ्या जगाची सॉकर स्पर्धा आपल्याच देशात भरली होती, हे मला जुलैत कळलं. त्यातला एक सामना मी पूर्ण पाहिला, कारण रिमोट सोफ्याखाली गेला होता आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत. शेवटपर्यंत मी वाट पाहत होतो, की आता सुरू होईल.

गावात अजून कोणाला बोललेलो नाही. वॉल्टच्या हॉटेलातल्या सकाळच्या टोळक्याला सांगितलंय, की डॉक्टरने गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलंय. शुक्रवारच्या रात्री फुटबॉलचा सामना असला की इथे कोणी मरतसुद्धा नाही, आणि मेलंच तर शनिवारी कळवतात. अशा गावात मी हे कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा आर्चीला सांग, बायकोच्या भावासाठी नियम लिहून पाठव. तो ग्लासगोचा, त्याच्या रक्तातच आहे. एका पानात बसतील एवढेच पाठव, जास्त झेपणार नाहीत.

तुझा,
डेल


हॅमिल्टन, ओन्टारिओ
१९ ऑगस्ट

प्रिय डेल,

तुझं पत्र मी आर्चीला मोठ्याने वाचून दाखवलं. तो चहा पीत होता. टेबलावरचं कापड धुवायला टाकलं आहे.

त्याने पाठवलेले नियम असे: चेंडू पायाने खेळायचा, फक्त गोलरक्षकाने हाताने, आणि कोचने तोंड बंद ठेवून. ऑफसाइड लिहायलाही बसला होता. तीन कागद फाडले आणि म्हणाला, "डेलला ते समोर बसवून सांगावं लागेल, आणि मधे जेवणाची सुट्टी लागेल."

आमच्याकडे फार वेगळं आहे असं समजू नकोस. तुम्ही अमेरिकन आपापसात खेळून जगज्जेते होता, आणि आम्ही कॅनडावाले बर्फ कधी पडतो म्हणून खिडकीत बसून राहतो. इथे खेळ म्हणजे बर्फावरची हॉकी, बाकी सगळा व्यायाम. आर्चीने पोलाद कारखान्यातल्या पोरांचा सॉकर क्लब इतकी वर्षं चालवला, तरी शेजारचा गॉर्डी त्याला अजून विचारतो, "ते ठीक आहे, पण तुम्ही खेळता काय?"

आता तुझ्या त्या शाळेच्या अडचणीबद्दल. याच ओडेलबाईंनी जुन्या पुस्तकांच्या विक्रीला माणूस मागितला, तेव्हा तू कोठारात गवताच्या मागे लपून बसला होतास. युनिसने तेव्हाच मला लिहिलं होतं. म्हणजे कारण दुसरं आहे. ते काय ते तुला उमगलं की कळव. मला उमगलं आहे.

गुडघ्यांना शेक देत जा.

तुझी,
लोइस


मिलर्स फोर्ड
६ सप्टेंबर

प्रिय लोइस,

आमचा पहिला सामना झाला. ब्रायर हिलच्या शाळेने आम्हाला सात-शून्यने हरवलं, आणि त्यातलं निम्मं श्रेय माझं आहे.

मी तयारी कमी केली नव्हती. आपल्या फुटबॉलमध्ये करतो तशी प्रत्येक चालीची चित्रं काढली, त्यांना नंबर दिले आणि मुलींकडून पाठ करून घेतले. कल्पना अशी, की खेळ थांबला की मी नंबर ओरडायचा. पण लोइस, तो खेळ थांबतच नाही. मी "बारा" म्हणेपर्यंत चेंडू तिसरीकडेच असतो. आपल्याकडे कसं, दोन-चार क्षण धडपडायचं, मग सगळ्यांनी गोल करून सभा भरवायची, ठराव मंजूर करायचा आणि पुन्हा धडपडायचं. मला वाटतं आपला सगळा देशच तसा चालतो. या पोरी मात्र कोणाला न विचारता पळत सुटतात.

तिसरा गोल झाल्यावर मी दोन्ही हातांनी खूण करून वेळ मागितला. पंच म्हणाला, "काय झालं, आजोबा?" मी म्हटलं, "टाइम-आउट." तो म्हणाला, "तो इथे नसतो." मला वाटलं, संपला असेल.

पण ते काहीच नाही. दुसऱ्या अर्ध्यात मार्नीने लांबून एक फटका मारला. चेंडू सणसणत गेला आणि आडव्या दांडीवरून पलीकडे. आपल्याकडे दांडीवरून गेला की गुण मिळतात. इतकी वर्षं माझे हात त्यासाठी आपोआप वर जातात, तसेच गेले. मी नाचलो, टोपी उडवली, ब्रायर हिलच्या कोचला मिठी मारली. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. शेवटी तोच पंच जवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, दांडीवरून नाही, खालून."

घरी येताना मार्नीने गाडीत बसताच रेडिओ लावला. रेडिओवरही बेसबॉलच्या संपाशिवाय दुसरं काही नव्हतं.

रात्री पॅटचा फोन आला होता. ती म्हणते, मार्नी तिथे रमत नसेल तर हंगाम संपल्यावर तिला कोलंबसला घेऊन जाते, तिथल्या शाळेत सॉकरची चांगली चार मैदानं आहेत. मी म्हटलं, तिचं तिने ठरवावं, माझं काही म्हणणं नाही.

तिच्या खोलीला मी नवा पिवळा रंग देतोय. सहज. डबा स्वस्तात मिळाला.

तुझा,
डेल


हॅमिल्टन
१६ सप्टेंबर

प्रिय डेल,

मिठी मारल्याचं वाचून आर्ची खुर्चीतून उठून बाहेर गेला. व्हरांड्यात एकटाच हसत होता. गॉर्डीला वाटलं याला काही तरी झालं.

पण मी हसत नाहीये, निदान आता नाही. तू लिहीत नाहीस म्हणून मीच लिहिते. तुला रिकाम्या घराची भीती वाटते. युनिस गेल्यावर तू रात्रीचं जेवण उभ्याउभ्या ओट्यापाशी करायला लागला होतास, मार्नी आल्यावर टेबलाशी बसायला लागलास. संघ राहिला तर पोर राहील, असं तुझं गणित आहे. हो ना? यात लाज वाटण्यासारखं काही नाही, रंगाच्या डब्यावर ढकलू नकोस. मात्र एक विचारते, तिला काय हवंय हे तू तिला विचारलंस का? नाही विचारलंस. तुम्हा कोच लोकांना खेळाडूला विचारायची सवयच नसते.

आर्चीचा निरोप: या खेळात कोचचं काम आदल्या दिवशी संपतं. सामन्याला तो फक्त कोट घातलेला एक माणूस असतो. मुलींना आठवडाभर जे शिकवायचं ते शिकव, आणि शिट्टी झाली की बस. हात मांडीखाली दाबून बस, म्हणजे टोपी उडणार नाही. तो म्हणतो, सुरुवातीला फार जड जातं. त्यालाही गेलं होतं.

तुझी,
लोइस


मिलर्स फोर्ड
२७ सप्टेंबर

प्रिय लोइस,

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. त्याला उत्तर म्हणून दोन पानं लिहून काढली, पण ती आता पाठवत नाही, कारण त्यानंतर मी जे केलंय त्यापुढे तुझं पत्र म्हणजे कौतुकच.

आम्ही एक सामना जिंकलो. खरंच. ग्वादलुपे म्हणून आमची गोलरक्षक आहे, टोमॅटोच्या कारखान्यातल्या आरेदोंदोंची मुलगी, लुपे म्हणतो आम्ही. ती भिंतीसारखी उभी राहिली आणि मार्नीने एक घातला, दांडीखालून. मी गप्प बसायचा प्रयत्न केला. निम्मा वेळ जमला.

पण जिंकल्यामुळेच घात झाला. गावच्या पेपरात शेवटच्या पानावर निकाल आला, आणि खाली बारीक अक्षरात: कोच, डी. स्टॉफर.

गेल्या मंगळवारी सकाळी वॉल्टच्या हॉटेलात शिरलो तर माझ्या जागेवर कॉफीऐवजी सरबताचा छोटा डबा आणि सोललेल्या संत्र्याच्या फोडी, सॉकरच्या पोरांना मधल्या सुट्टीत आया देतात तशा. सगळं टोळकं वाट बघत होतं.

"काय कोच, गुडघे काय म्हणतात?" वॉल्ट म्हणाला. "रोज चालतोस म्हणे. पोरींच्या मागे?"

दुसरा म्हणाला, "अरे, तो परदेशी खेळ आहे. दीड तास पळायचं, आणि शेवटी शून्य-शून्य. आपल्या माणसाला शोभतं का ते?"

लोइस, मला एवढंच म्हणायचं होतं, की हो, मी त्यांचा कोच आहे. पण त्या टेबलावर मी इतकी वर्षं गावचा कोच म्हणून बसलोय. माझ्या तोंडून निघालं, "ओडेलबाई गळ्यात पडल्या म्हणून करतोय रे. तो काय खेळ आहे? पोरी नुसत्या इकडून तिकडे धावतात, मी घड्याळाकडे बघत बसतो. हंगाम संपला की सुटलो."

सगळे हसले. मीही हसलो. मग वॉल्ट हसायचा थांबला, माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत. मी मागे वळलो. मार्नी उभी होती. गाडीच्या किल्ल्या मी खिशात घालून आलो होतो, त्या मागायला ती चालत आली होती. तिने हात पुढे केला, मी किल्ल्या दिल्या, ती गेली.

त्या दिवसापासून ती जेवण खोलीत घेऊन जाते. काल आईशी बराच वेळ फोनवर बोलत होती, दार लावून. सरावाला येते, मी सांगितलेलं सगळं करते आणि मला "सर" म्हणते.

शेवटचा सामना तेरा ऑक्टोबरला आहे, पुन्हा त्याच ब्रायर हिलशी. त्यानंतर पॅट तिला न्यायला येईल असं दिसतंय. तुझं बरोबर होतं, मला भीती वाटते. आता करू काय ते सांग.

डेल


हॅमिल्टन
५ ऑक्टोबर

डेल,

या खेपेला आर्चीचा निरोप नाही. त्याने पत्र वाचलं, घडी घालून टेबलावर ठेवलं आणि अंगणातली पानं गोळा करायला गेला. आमच्या अंगणात पानं उरलेली नाहीत.

तू जे बोललास ते त्याने चांगल्या चांगल्या माणसांच्या तोंडून आयुष्यभर ऐकलंय. तू त्यात नव्हतास म्हणून तू त्याला आवडायचास. तू निदान तोंडावर काही म्हणायचा नाहीस.

तुला काय करायचं ते मी सांगणार नाही, तुला ते ठाऊक आहे. ज्या तोंडाने ज्या टेबलापाशी बोललास, त्याच तोंडाने तिथेच परत बोल. आणि पोरीपाशी जाशील तेव्हा विनोद करू नकोस. तुला अडचण आली की तू स्वतःची टिंगल सुरू करतोस, मग समोरच्याला हसावंच लागतं आणि तू सुटतोस. तिला हसायला लावू नकोस.

इथे हॉकीवाल्यांनीही टाळं लावलंय, मालक-खेळाडूंचं भांडण. शहरातली माणसं शनिवारी संध्याकाळी घरात हरवल्यासारखी फिरतात. गॉर्डी इतका कंटाळला, की रविवारी आर्चीबरोबर सॉकर बघायला गेला. दोन भाग झाल्यावर, हॉकीत असतो तसा तिसरा होईल म्हणून वाट बघत बसून राहिला. आर्चीने त्याला सांगितलंही नाही, त्याच्या शेजारी बसून राहिला.

लोइस


मिलर्स फोर्ड
१५ ऑक्टोबर

प्रिय लोइस,

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉल्टकडे गेलो. बसलो नाही. म्हटलं, "मी त्या दिवशी इथे खोटं बोललो. मला ते काम आवडतं. घड्याळाकडे बघतो, पण सराव संपत आला का म्हणून, कारण तो संपू नये असं वाटतं. गुरुवारी चार वाजता सामना आहे, ज्याला यायचं त्याने यावं."

सगळं टोळकं वॉल्टकडे बघायला लागलं. मग वॉल्ट म्हणाला, "तिथे कॉफी मिळते का?"

मार्नीकडे जाणं जास्त अवघड होतं. दारावर टकटक केली आणि म्हटलं, "मी वॉल्टला घाबरलो म्हणून तसं बोललो."

"वॉल्टला?" ती म्हणाली. "आजोबा, वॉल्ट स्वतःच्या मांजराला घाबरतो."

एक विनोद जिभेवर आला होता, तो गिळला. म्हटलं, "हो. आणि मी त्याला घाबरलो. तुझ्याबद्दल आणि तुमच्या खेळाबद्दल मी जे म्हटलं, ते मला वाटत नाही. मला फार वाईट वाटतंय." तिने दार हळूच लावून घेतलं. पण त्या रात्री ताट घेऊन टेबलाशी आली. 'सर' म्हणाली नाही. मटार माझ्याकडे सरकवले.

आता सामना. सगळं टोळकं आलं होतं, टीव्हीवर बेसबॉल नाही म्हणून असेल, पण आलं होतं. आरेदोंदोंचं घराणं खुर्च्या घेऊन आलं होतं, तान्ह्या बाळापासून पणजीपर्यंत. मी उलट्या बादलीवर हात मांडीखाली दाबून बसलो. पहिला अर्धा भाग झाला तरी तोंड उघडलं नाही. मधल्या सुट्टीत लुपे काळजीने जवळ आली. "कोच, तुम्हाला बरं नाही का?"

मागून टोळक्याचं चाललंच होतं. "हे थांबत का नाहीत?" "मग जाहिराती कधी दाखवायच्या?" "मी लघवीला कधी जाऊ?" पण शेवटी शेवटी आवाज बंद झाले. वळून पाहिलं तर सगळे तारेच्या कुंपणाला चिकटून उभे, जाळीत बोटं अडकवून. ब्रायर हिलने मारलेला एक चेंडू लुपेने आडवी उडी घेऊन बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, तेव्हा वॉल्ट असा ओरडला, की आरेदोंदोंच्या पणजीने त्याला आपली खुर्ची देऊ केली.

शिट्टी झाली. शून्य-शून्य. मी मुलींना गोळा केलं आणि जादा वेळात काय करायचं ते समजावू लागलो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तोच पंच चेंडू काखेत घेऊन आला.

"आजोबा, संपलं."

"मग जिंकलं कोण?"

"कोणी नाही. बरोबरी."

सात गोल घालून गेलेल्या संघाला आमच्या पोरींनी एकही घालू दिला नव्हता. त्या एकमेकींच्या अंगावर पडून ओरडत होत्या, आणि लोइस, जिंकलं कोणीच नव्हतं आणि मी आनंदाने वेडा झालो होतो. आपल्या देशात हा बहुतेक गुन्हा असावा. वॉल्टने विचारलं, "पुढचा कधी?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी. त्याने मला शिव्या घातल्या.

घरी येताना मार्नीने रेडिओ लावला नाही. गावाबाहेर आल्यावर म्हणाली, "आजोबा, मी नाताळात आईकडे कायमची राहायला जाणार आहे. तिचं बाळ येईल तेव्हा मला तिथे असायचंय. हे मी जूनमध्येच ठरवलं होतं."

मी म्हटलं, "जूनमध्ये? मग मी हा संघ वाचवण्यासाठी एवढा आटापिटा कशाला केला?"

"माझ्यासाठी नव्हता तो. ओडेलबाईंकडे मीच गेले होते, तुम्हाला विचारा म्हणून. मी गेल्यावर रोज संध्याकाळी चार वाजता तुम्ही काय करणार, म्हणून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्ही हॉटेलात तसं बोललात, तेव्हा वाटलं, मी उगाच तुम्हाला त्रास दिला."

मी गाडी मक्याच्या शेताच्या कडेला लावली आणि रडलो. तिला थांबवण्यासाठी मी हे काम धरलं होतं, आणि ती गेल्यावर माझं काय होईल म्हणून तिने ते मला मिळवून दिलं होतं. तिने सांगितलं, की जुलैत तिने हे तुलाही लिहिलं होतं. म्हणजे मी तुला शाळेच्या अडचणीच्या थापा आणि रंगाचे डबे लिहीत होतो, तेव्हा तू सगळं माहीत असून मला "कारण उमगलं की कळव" म्हणत होतीस. लहानपणीही तू असंच करायचीस.

ती जाईल याचं मला फार दुःख होतंय. हे मी तसंच सरळ लिहितो. नाताळानंतर घर खायला उठेल. पण सोमवारी लुपेने पोरींना हिवाळ्यातही सराव करायला व्यायामशाळेत बोलावलंय, आणि किल्ली माझ्याकडे आहे.

काल ओडेलबाईंना सांगून मी कोलंबसच्या त्या चार मैदानांच्या शाळेला फोन लावला. त्यांचा कोच नम्र माणूस निघाला. पुढच्या सप्टेंबरात त्यांचा एक शनिवार मोकळा आहे. आमचं गाव कुठे आहे ते त्याला नकाशात सापडलं नाही, तरी हो म्हणाला. सामना तिथेच होईल. मार्नी त्यांच्या बाजूने खेळेल आणि मी समोर बादलीवर बसेन.

तेव्हा आर्चीची माझ्यातर्फे माफी माग, आणि त्याची समजूत पटली की एवढं विचार: जी मुलगी उजवीकडे जायचं सोंग करते आणि डाव्या पायाने आत वळते, तिला अडवायचं कसं? मला तिला एकही गोल घालू द्यायचा नाही.

तुझा,
डेल